घरचं ऊन, घरचं शेण, घरचं पाणी : कोल्हापुरात लोक मला सारखे विचारतात ते प्रश्न

मी राहायला फुलेवाडीला, गाव करवीर तालुक्यात नदीकाठाला, तिथं थोरला भाऊ शेती आणि जनावरं बघतो. २०२४ च्या दिवाळीआधी घरावर ३ किलोवॅटचं सोलर बसवलं आणि तेव्हापासनं दूध आणायला जाऊ दे नाहीतर रंकाळ्यावर फिरायला, कोणीतरी थांबवून विचारतंयच. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहून ठेवतोय. जिथं आकडेमोड आहे तिथं ती उघड मांडलीय, आपल्या घराचे आकडे घालून तुम्ही पण करून बघा.

सोलर बसवायचंय, सुरुवात कुठनं करू?

लाईट बिलापासनं. एजंटला फोन करायच्या आधी मागच्या बारा महिन्यांचे युनिट काढा, महावितरणच्या बिलावरच मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, त्याची बेरीज करा आणि बाराने भागा. १ किलोवॅट सोलर वर्षाची सरासरी धरली तर महिन्याला १०० ते १२० युनिट देतं. म्हणजे महिन्याला २०० युनिट जळत असतील तर २ किलोवॅट पुरतं, ५ किलोवॅट घ्या म्हणून कोणी गळ्यात मारत असेल तर ऐकू नका.

पण त्याच्याही आधी एक काम आहे आणि लोक नेमकं तेच सोडतात. घरात वीज जातीय कुठं ते बघा. आमच्या गल्लीतल्या एक काकी ३ किलोवॅट घ्यायला निघाल्या होत्या, महिन्याला अडीचशेच्या वर युनिट, आणि घरात माणसं चारच. बसून हिशोब केला तर निम्मी वीज नुसती अंघोळीच्या पाण्याला जात होती. १०० लिटर पाणी ३५ अंशांनी तापवायला ४ युनिट लागतात, गीझर कुठल्या कंपनीचा आहे त्यानं यात काही फरक पडत नाही, पाण्याला जेवढी उष्णता लागते तेवढी लागतेच. रोजचे ४ म्हणजे महिन्याला १२०. त्यांनी आधी सोलरचा बंब, म्हणजे सोलर वॉटर हीटर बसवला, दोन जुने पंखे बदलले आणि मग १ किलोवॅटमध्ये भागलं.

पंख्याचं पण सांगतो. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी ३० च्या आसपास. दिवसाला १२ तास धरले तर एका पंख्यामागं महिन्याला १६ युनिट वाचतात, आणि घरात चार पंखे असतील तर बघा. टीव्हीचा डबा रिमोटनं बंद केला तरी आत चालूच असतो, १० वॅट जरी धरले तरी महिन्याला ७ युनिट, त्याला भिंतीवरचं बटण बंद करणं एवढाच उपाय.

सोलर वॉटर हीटर घेऊ की सरळ पॅनल घेऊन गीझर चालवू?

छतावर जागा असेल आणि घरात चार-पाच माणसं असतील तर आधी वॉटर हीटर. उन्हानं थेट पाणी तापवणं हे उन्हाची वीज करून मग त्या विजेनं पाणी तापवण्यापेक्षा कमी जागेत आणि कमी पैशात होतं. बोअरचं पाणी जड असेल तर मात्र काचेच्या नळ्यांत क्षार साठतात, वर्षातनं एकदा टाकी रिकामी करून धुवायला लागते, हे विकणारा सांगत नाही.

अजून एक गोष्ट, टाकी बाथरूमच्या जेवढी जवळ तेवढं बरं. पंधरा मीटर पाऊण इंची पाईपमध्ये चार-पाच लिटर गार पाणी अडकलेलं असतं, दरवेळी गरम येईपर्यंत ते सोडून द्यायचं, आणि चार माणसं वेगवेगळ्या वेळी अंघोळ करतात म्हणजे दिवसाला बादलीभर पाणी गेलं. ते बादलीत धरा आणि धुण्याला वापरा.

आणि आजीचा तांब्याचा बंब मोडीत घालू नका. जुलै-ऑगस्टमध्ये ढग उतरले की वॉटर हीटर कोमट पाणी देतो, तेव्हा वाळलेलं चिपाड, करवंट्या, शेणी यावर बंब मस्त चालतो. जळण मात्र कोरडं पाहिजे आणि बंब मोकळ्या हवेत पाहिजे, बंद न्हाणीत नको, तो धूर छातीत जातो.

सबसिडी नक्की किती मिळते? गल्लीत एक जण "फुकट सोलर" म्हणून सांगायलाय.

पीएम सूर्यघर मोफत वीज योजना, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झाली, १ कोटी घरांसाठी, २०२६-२७ पर्यंतची. १ किलोवॅटला ३०,००० रुपये, २ ला ६०,०००, ३ किंवा त्याच्या वर कितीही घेतलं तरी ७८,०००. हे पैसे बसवून झाल्यावर, मीटर लागून तपासणी झाल्यावर तुमच्या स्वतःच्या बँक खात्यावर येतात. म्हणजे आधी पैसे तुम्ही घालायचे. "मोफत" शब्द योजनेच्या नावात आहे तो तयार होणाऱ्या विजेबद्दल आहे, पॅनल फुकट नाहीत, त्यामुळं फुकट सोलर म्हणणाऱ्याकडं आधार आणि बँक पासबुकाची झेरॉक्स देऊ नका.

अर्ज योजनेच्या सरकारी पोर्टलवर स्वतः करा, ग्राहक क्रमांक आणि मोबाईल लागतो, काही अवघड नाही, पोरांना सांगितलं तरी करतील. तिथंच नोंदणी असलेल्या व्हेंडरची यादी आहे, त्यातल्या निदान तिघांकडनं कोटेशन घ्या. सबसिडीसाठी पॅनल आणि त्यातले सेल भारतात बनलेले लागतात, हे कोटेशनवर लिहून घ्या. ३ किलोवॅटपर्यंत बँका तारण न घेता कमी व्याजानं कर्ज देतात, ते पण त्याच पोर्टलवरनं करता येतं.

कोटेशनमध्ये लोक फक्त शेवटचा आकडा बघतात. मी म्हणतो स्ट्रक्चर, म्हणजे पॅनल ज्याच्यावर बसतात तो सांगाडा बघा. लोखंड गॅल्व्हनाईज्ड आहे का, त्याची जाडी किती, स्लॅबला बोल्ट कसा मारणार आणि तिथनं पाणी गळू नये म्हणून काय करणार. पॅनल २५ वर्षं टिकतात, स्ट्रक्चर आठव्या वर्षी गंजलं तर काय करायचं? इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात वापरायजोगी करणारा डबा) वॉरंटी वेगळी असते आणि पॅनलपेक्षा कमी असते, ती पण वाचा.

आमच्याकडं जो व्हेंडर होता त्यानं पहिल्यांदा पॅनल पाण्याच्या टाकीच्या पश्चिमेला मांडले. सकाळी दहापर्यंत एका पॅनलवर टाकीची सावली. पॅनल एकामागं एक जोडलेले असतात, त्यामुळं एकावर सावली पडली की नुसत्या त्याचंच नुकसान होतं असं नाही, अख्ख्या माळेचं काम ढिलं पडतं. पंधरा दिवस भांडून शेवटी जागा बदलून घेतली. म्हणून सांगतो, बसवायच्या आधी एक दिवस सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता छतावर जाऊन सावल्या बघा, शेजारच्यांचा नारळ, डिश, जिन्याची खोली सगळं बघा, आणि डिसेंबरात सावल्या लांब होतात हे धरून बघा. तोंड दक्षिणेला आणि तिरपं साधारण १५ ते १७ अंश, कोल्हापूर साडेसोळा अक्षांशाच्या जरा वर आहे त्या हिशोबानं.

लाईट गेल्यावर सोलर चालतंय ना?

नाही. हे ऐकून निम्म्या लोकांचं तोंड पडतं, पण आधीच माहीत असलेलं बरं. नेट मीटरचं (घेतलेली आणि दिलेली वीज दोन्ही मोजणारं मीटर) साधं ऑनग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेलं सोलर लाईट गेली की आपोआप बंद पडतं आणि ते मुद्दाम तसं केलेलं असतं, कारण खांबावर वायरमन काम करत असेल आणि तुमच्या छतावरनं तारेत वीज जात राहिली तर माणूस जाईल. लाईट गेल्यावर पण पाहिजे असेल तर बॅटरीवालं हायब्रीड घ्या, खर्च बराच वाढतो. शहरात लाईट फार जात नाही तिथं मी तरी बॅटरीत पैसे घालणार नाही, दोन दिवे आणि वायफायपुरता साधा इन्व्हर्टर बास. वाडीवस्तीवर, गगनबावडा, राधानगरीच्या डोंगरात जिथं पावसाळ्यात दोन-दोन दिवस लाईट नसते तिथं मात्र बॅटरी पाहिजेच.

पावसाळ्यात काय होतं हो? आपल्याकडं तर चार महिने सूर्य दिसत नाही.

दिसत नाही असं नाही, पण कमी होतं हे खरं. आमच्या ३ किलोवॅटवर एप्रिलमध्ये दिवसाला १३-१४ युनिट येतात, जुलैत ५-६, आणि झड लागली की एखाद्या दिवशी ३ सुद्धा. म्हणून तर नेट मीटर. उन्हाळ्यात जादा तयार झालेली वीज महावितरणकडं जमा होते आणि पुढच्या महिन्यात वळती होते. हिशोबाचं वर्ष एप्रिल ते मार्च, ३१ मार्चला जे युनिट शिल्लक राहतात त्याचे पैसे मिळतात पण आपण ज्या दरानं वीज घेतो त्यापेक्षा खूपच कमी दरानं. त्यामुळं वीज विकून पैसे कमवायच्या नादानं मोठं सोलर बसवू नका, तोट्यात जाल. आपल्या वापराएवढं किंवा जरा कमीच बसवा.

गंमत म्हणजे पॅनलला ऊन पाहिजे, गरमी नको. पॅनल तापला की वीज कमी देतो. त्यामुळं मे महिन्यातल्या रखरखीत दुपारपेक्षा फेब्रुवारीतल्या स्वच्छ, गार वारा असलेल्या दुपारी मीटर जास्त पळताना दिसतो. पॅनलखाली वारा खेळायला जागा ठेवा ती याचसाठी.

सोलर असून बिल शून्य का येत नाही?

स्थिर आकार द्यावाच लागतो, जोडणी आहे तोवर.

पॅनल किती दिवसांनी धुवायचे?

पावसाळ्यात धुवायची गरज नाही. ऑक्टोबर ते मे दोन आठवड्यातनं एकदा, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी. तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. साधं पाणी, मऊ फडकं किंवा स्पंजचा वायपर, पावडर साबण नको.

आपल्याकडं एक वेगळी भानगड आहे ती पुण्या-मुंबईच्या माहितीत सापडणार नाही. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांच्या छतावर काजळी पडते, वाळत घातलेल्या कपड्यांवर काळे ठिपके पडतात तीच. आणि त्यात कोणी उसाचा फड पेटवला की झालंच. ती काजळी चिकट असते, नुसत्या वाऱ्यानं जात नाही, त्यामुळं त्या भागात असाल तर हंगामात आठवड्यातनं एकदा हात फिरवा. अ‍ॅपवर रोजचे युनिट दिसतात, ऊन तेच असून आकडा खाली यायला लागला की समजायचं.

आमचं घर पूररेषेत आहे, सोलर बसवावं का?

बसवा, पण डोकं लावून. २०१९ ला राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४३ फूट आहे, आणि २०२१ ला परत तेच. चिखली, आंबेवाडीच्या लोकांना हे सांगायला नको. पॅनल छतावर असतात ते वाचतात, बुडतो तो इन्व्हर्टर, कारण व्हेंडरला वायर वाचवायची असते आणि तो मीटरशेजारी खाली लावून मोकळा होतो. इन्व्हर्टर आणि सगळे डबे पहिल्या मजल्यावर किंवा जिन्याच्या खोलीत घ्या, वायरचे हजार-दोन हजार जास्त गेले तर जाऊ देत.

आणि हे नीट वाचा. मेन स्विच बंद केला, महावितरणनं लाईन बंद केली तरी उजेड आहे तोवर पॅनलपासनं इन्व्हर्टरपर्यंतच्या वायरमध्ये वीज असतेच. सहा पॅनलच्या माळेत अडीचशे व्होल्टच्या आसपास असतो, आणि तो डीसी करंट, जिवावर बेतू शकतो. घर सोडून जायच्या आधी पॅनलजवळचा डीसी स्विच खाली करा, तो वर छतावरच बसवून घ्या. पाणी उतरल्यावर बुडालेल्या इन्व्हर्टरला हात लावू नका, आधी इलेक्ट्रिशियन. पुराच्या दिवसांत सगळ्यात उपयोगी पडतो तो मोबाईल चार्ज होणारा छोटा सोलर दिवा, नदीकाठच्या प्रत्येक घरात एक असावा असं मला मनापासनं वाटतं.

आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, छत सगळ्यांचं.

सोसायटीला लिफ्ट, पाण्याची मोटर, जिन्यातले दिवे यासाठी त्याच योजनेत किलोवॅटला १८,००० रुपये सबसिडी आहे. मीटिंगमध्ये विषय मांडताना मेंटेनन्समध्ये कॉमन लाईटचा वाटा किती ते आधी काढून न्या, त्या आकड्यावर माणसं लवकर राजी होतात. आणि टेरेसवर पापड-कुरडया वाळवायला जागा राहील असं बघा, नाहीतर सगळ्या वैनी विरोधात जातील आणि ते रास्तच आहे.

गोबरगॅस अजून चालतो का? आमच्या वडिलांनी बांधलेला, आता नुसता खड्डा आहे.

चालतो, आणि कोल्हापूर जिल्ह्याइतका त्याला योग्य जिल्हा शोधून सापडायचा नाही. दारात म्हशी, दूध डेअरीला आणि शेण उकिरड्यावर, अशी आपली घरं. सोलरच्या गर्दीत हा विषय मागं पडला याचं मला वाईट वाटतं.

हिशोब असा. २ घनमीटरचा प्लांट चार-पाच माणसांच्या घराला पुरतो. त्याला रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, म्हणजे चार मोठी जनावरं, आणि तेवढंच पाणी. महिन्याला ६० घनमीटर गॅस, तो जवळपास २६ किलो सिलेंडरच्या गॅसइतका, म्हणजे दोन टाक्यांना जरा कमी. थंडीत कमी येतो. आणि शेण कुठं जात नाही, स्लरी होऊन बाहेर पडतं, ती कच्च्या शेणखतापेक्षा लवकर लागू पडते आणि तिच्यात तणाचं बी जवळपास मेलेलं असतं.

जुने प्लांट बंद का पडले? तीन कारणं मी बघितलीत. घुमट बांधणाऱ्या गवंड्याला काम येत नव्हतं आणि घुमट चिरला. जनावरं विकली आणि शेण कमी पडलं. आणि तिसरं सगळ्यात साधं, पाईपमध्ये पाणी साठलं आणि गॅस शेगडीपर्यंत यायचा बंद झाला, घरच्यांना वाटलं प्लांटच गेला. गॅसमध्ये वाफ असते, पाईपला उतार देऊन सगळ्यात खालच्या जागी पाणी सोडायचा कॉक लावायचा असतो, तो आठवड्याला उघडायचा. आमच्या गावच्या प्लांटला तो कॉकच नव्हता. वडील गेल्यावर दहा वर्षं तो नुसता बंद पडून होता, भावानं पाईप बदलला, घुमट आतनं गिलावा करून घेतला, आणि आता वैनी सकाळचा चहा आणि दोन वेळच्या भाकरी त्याच्यावर करते.

नवीन किंवा बंद असलेला प्लांट सुरू करताना पहिले दोन-तीन आठवडे धीर धरा. सुरुवातीचा गॅस जळत नाही, तो सोडून द्यायचा, त्यात हवा आणि कार्बन डायऑक्साइड जास्त असतो. आणि प्लांटच्या आत माणूस उतरवू नका, कधीच, कितीही रिकामा दिसला तरी. विषारी वायूनं क्षणात माणूस पडतो. दुरुस्ती करायची तर पूर्ण उपसून, झाकणं उघडी ठेवून, काही दिवस हवा खेळू देऊन, जाणकार माणसाच्या देखरेखीखाली.

जनावरं नाहीत, घरातल्या खरकट्यावर गॅस होतो का?

होतो. पुण्याच्या आरती (ARTI) या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी पिष्टमय पदार्थांवर, म्हणजे शिळा भात, पीठ, खरकटं यावर चालणारा छोटा प्लांट विकसित केला, २००६ मध्ये त्याला ॲशडेन पुरस्कार मिळाला. शेण आधीच एकदा जनावराच्या पोटातनं पचून आलेलं असतं, खरकट्यात दम शिल्लक असतो, म्हणून कमी मालात जास्त गॅस येतो. पण घरातनं रोज किलो-दोन किलो माल निघाला पाहिजे. चार माणसांच्या घरात तेवढं उरत असेल तर आधी स्वयंपाकाचा अंदाज सुधारायला पाहिजे. खानावळ, हॉस्टेल, मंगल कार्यालय यांना मात्र हे फार चांगलं.

मग घरच्या ओल्या कचऱ्याचं काय करू? मटणाची हाडं पण असतात.

खत करा. दोन जुने माठ किंवा भोकं पाडलेल्या बादल्या, एक थर ओला कचरा आणि त्यावर दुप्पट सुका पालापाचोळा, वर मूठभर जुनं खत किंवा ताक. वास आला तर ओल जास्त झाली, पाला घाला. मुंग्या झाल्या तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा. एवढंच शास्त्र आहे, दीड-दोन महिन्यात काळं मऊ खत हातात येतं. पाला विकत घ्यायची गरज नाही, झाडून गोळा करून पेटवला जातो तोच उचलून आणायचा.

रविवारच्या तांबड्या-पांढऱ्यानंतरची हाडं माठात घालू नका, कुत्री-मांजरं पाडतात आणि हाडं लवकर कुजत नाहीत. परड्यात फूटभर खड्डा करून पुरा, वर माती दाबा, नारळ किंवा आंब्याच्या बुंध्यापासनं जरा लांब. परडं नसेल तर घंटागाडीत द्या, पण सुक्या कचऱ्यात मिसळून नको. बावड्याच्या झूम प्रकल्पावरचा कचऱ्याचा डोंगर ज्यांनी बघितलाय त्यांना वेगळा द्या म्हणून सांगायला लागत नाही.

गॅस सोडून इंडक्शनवर आलो तर परवडेल का?

१४.२ किलोच्या एका टाकीचं काम इंडक्शनवर करायचं तर अंदाजे ११५ ते १२० युनिट लागतात. तुमची टाकी दीड महिना जात असेल तर महिन्याला ८० युनिट. सोलर असेल आणि युनिट शिल्लक राहत असतील तर फायदा आहेच, नसेल तर तुम्ही बिलाच्या कुठल्या टप्प्यात बसता त्यावर आहे, ३०० च्या वर गेलात तर दर उडी मारतो.

भाकरीचं विचाराल तर इंडक्शनवर भाकरी जमत नाही, जमली तरी फुगत नाही, शेवटी जाळ लागतोच. त्यामुळं भात, डाळ, चहा, दूध इंडक्शनवर आणि भाकरी गॅसवर, हे आमच्या घरी ठरलंय. डाळ-कडधान्य भिजवून लावलं, कुकरची शिट्टी झाल्यावर आच बारीक केली, भात अर्धा शिजल्यावर भांडं गोधडीत गुंडाळून ठेवलं तर कुठलंही यंत्र न घेता गॅस वाचतो. आजी भाताचं पातेलं भुश्शाच्या पेटीत ठेवायची, ते उगाच नाही.

पाचट जाळू नको म्हणता, मग खोडव्यात मशागत करायची कशी?

हा प्रश्न भावाचाच होता, त्यामुळं उत्तर अनुभवाचं आहे. खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यातनं परत फुटलेलं पीक, आणि पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. एका हेक्टरातनं ८ ते १० टन पाचट निघतं. ते जाळलं की सेंद्रिय कर्ब आणि नत्र हवेत गेलं, आणि वरच्या थरातले जिवाणू भाजले. मग तेच खत आपण पोत्यानं विकत आणतो.

तोड झाली की बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा किंवा कुट्टी करा. त्यावर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १० किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक, आणि पाणी सोडा. पहिल्या वर्षी रान गबाळं दिसतं, शेजारचे बोलतात, मन घट्ट करा. दुसऱ्या खोडव्याला भावाला पाण्याची एक पाळी लांबवता आली, कारण पाचटाखाली ओल टिकते, आणि भांगलण, म्हणजे तण काढायचं काम, कमी झाली. शिरोळकडं पाणी जास्त देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, त्या रानांना कमी पाणी आणि जास्त सेंद्रिय माल याशिवाय गत नाही.

एक खबरदारी. शेजाऱ्यानं त्याचा फड पेटवला तर तुमचं पसरलेलं पाचट आधी पेटेल. बांधाकडंनं दोन-तीन सऱ्या मोकळ्या ठेवा आणि शेजाऱ्याशी आधी बोलून ठेवा.

सौर पंप घ्यावा का?

विहीर, बोअर, शेततळं असेल आणि विजेची जोडणी नसेल तर घ्या. "मागेल त्याला सौर कृषी पंप" मध्ये शेतकऱ्यानं १० टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीला ५ टक्के. अडीच एकरापर्यंत ३ एचपी, पाच एकरापर्यंत ५, त्याच्या वर साडेसात. दिवसा पाणी मिळतं हा सगळ्यात मोठा फायदा, रात्री बॅटरी घेऊन गवा आणि सापाच्या भीतीनं पाणी पाजायला जायला लागत नाही.

पण आपल्याकडचा बराचसा ऊस नदीवरनं उचललेल्या पाण्यावर, पाणीपुरवठा संस्थेच्या पाईपलाईनवर आहे. शे-दीडशे फूट चढ आणि किलोमीटरभर पाईप, हे काम एकट्याच्या ३ किंवा ५ एचपी सौर पंपाचं नाही. आणि साडेसात एचपीपर्यंतच्या विजेच्या पंपांना सध्या वीज मोफत आहे, त्यामुळं चालू जोडणीवाल्यानं घाई करायचं कारण नाही. फुकट आहे म्हणून मोटर ऑटो स्विचवर रात्रभर सोडून देणं मात्र थांबवा, त्यात पाणी जातं आणि रानही खराब होतं.

एवढा पाऊस पडतो तरी एप्रिलात टँकर, छतावरचं पाणी साठवता येईल का?

१००० चौरस फूट छतावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ९३ लिटर पाणी. शहरात वर्षाला हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरा, थोडं वाया गेलं म्हणून ८० टक्के घ्या, ७४,००० लिटर होतं. एवढी टाकी कोणी बांधत नाही, पण बोअर किंवा आड असेल तर त्यात सोडता येतं. पहिल्या एक-दोन पावसाचं घाण पाणी बाहेर जाऊ द्या, मग वाळू, खडी, कोळशाच्या गाळण्यातनं पुढं. गाळणं मेमध्ये धुतलं नाही तर जूनमध्ये तुंबतं.

काळम्मावाडीचं थेट पाईपलाईनचं पाणी आलं म्हणून हा विषय संपला असं मानू नका. ते धरणातनं पंपानं उचलून ५० किलोमीटरच्या वर लांबून येतं, त्यामुळं नळाखाली वाहून गेलेल्या प्रत्येक बादलीत वीज पण गेलेली असते.

इलेक्ट्रिक स्कूटर घेऊ का?

रोजचा फेरा ३०-४० किलोमीटरचा असेल तर हो. १०० किलोमीटरला साधारण ३ युनिट लागतात, पेट्रोलच्या गाडीला त्याच अंतराला दोन लिटरच्या वर. जोतिबा, पन्हाळ्याच्या चढाला चार्ज भराभर उतरतो, कंपनीनं सांगितलेलं अंतर धरून चालू नका. पूर येणाऱ्या गल्लीत असाल तर चार्जिंगचा पॉइंट उंचावर.

घरावर छोटी पवनचक्की?

शहरात नको. घरांच्या अडथळ्यानं वारा तुटक होतो, खर्च निघत नाही. पवनचक्क्या साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या पठारावर शोभतात.

गणपतीत काय करता?

शाडूची लहान मूर्ती, घरीच बादलीत विसर्जन, ते पाणी आणि माती जास्वंदीला. मोठी असेल तर मूर्तीदान किंवा इराणी खणीत विसर्जन. निर्माल्यातला दोरा आणि प्लास्टिक काढून फुलं माठातल्या खतात.

भाड्याच्या घरात राहतो, हातात पैसे पण नाहीत. माझ्यासारख्यानं काय करायचं?

हा प्रश्न विचारणारे सगळ्यात जास्त भेटतात आणि त्यांना कोणी नीट उत्तर देत नाही. भावा, तुला छत नसलं तरी मीटर आहे. आज रात्री झोपताना सगळी बटणं बंद कर, फ्रीजचा प्लग दहा मिनिटं काढ आणि मीटरवरचा लाल दिवा बघ. तरी लुकलुकत असेल तर कुठंतरी वीज चाललीय, नाहीतर वायरिंगमध्ये गळती आहे, आणि ते घरमालकाला दाखवायचा तुला हक्क आहे. जुन्या वाड्यांत हे हमखास सापडतं. मग फ्रीजच्या दाराचं रबर बघ, कागद अडकवून ओढ, सहज निघाला तर रबर बदल. पहिल्या पगारात एक बीएलडीसी पंखा घे, जुना घरमालकाचा काढून नीट ठेव, घर सोडताना आपला पंखा काढून घेऊन जायचा. खिडकीत एक माठ खताचा. हे सगळं करून दोन महिन्यांची बिलं घेऊन ये, आपण रंकाळ्यावर बसून बघू.